इकोतल्या बेडवर ताठ बसता येत नाही आणि सकाळी गादी खालून ओली, काय करू?

पत्र: ताई, आम्ही दोघं सांगलीचे. मारुती इको आहे, पेट्रोल, पाच सीटर. मधली सीट काढून सुताराकडून मागे बेड करून घेतला. १८ एमएम प्लायचा बॉक्स, १६ इंच उंच, वर सनमायका आणि त्यावर ४ इंची फोमची गादी. खाली सगळं सामान मस्त बसतं. दिवाळीनंतर तारकर्लीला दोन रात्री झोपलो आणि येताना आंबोलीत एक. बेडवर ताठ बसता येत नाही, सकाळी दोघांचीही कंबर धरते, आणि आंबोलीत गादी उचलली तर खालून चक्क ओली. बायको म्हणते परत या गाडीत झोपायला येणार नाही. गाडीचं माप असं: फ्लोअर ते छत ४८ इंच, पुढच्या सीटपासून मागच्या दारापर्यंत ७२, रुंदी ४८, पण व्हील आर्चच्या (मागच्या चाकांवरच्या आतल्या फुगवट्यांच्या) मधे ४१. माझी उंची ५ फूट ८. अजून जाड गादी घेऊ का? आणि पुढच्या ट्रिपला आईलाही न्यायचंय, कसं जमवू?

दादा, आधी तुमच्या सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर देते, जाड गादी घेऊ नका. गादी जाड केली की तुम्ही छताच्या अजून जवळ जाल, खालचा ओलावा आहे तिथेच राहील आणि पैसे जातील ते वेगळेच. वहिनी म्हणतात ते बरोबर आहे, आणि त्या जे तीन त्रास सांगताहेत त्या तिघांचं मूळ एकच आहे: हा बेड सामान बसावं म्हणून बनवलाय. १६ इंच का, तर खाली मोठ्या बॅगा उभ्या बसाव्यात म्हणून. बंद बॉक्स का, तर सामान बाहेर येऊ नये म्हणून. सनमायका का, तर पुसायला सोपं म्हणून. सुताराचं काम वाईट नाही हो, त्याने घरातल्या दिवाणासारखा दिवाण करून दिला, पण घरातल्या दिवाणावर डोक्याच्या वर सहा फूट मोकळं असतं आणि खोलीला चार भिंतींच्या आत वारा फिरतो, गाडीत दोन्ही नाही.

उंचीपासून सुरू करू, कारण ती चुकली की बाकी काहीही करून उपयोग नाही. घरी भिंतीला पाठ टेकवून फरशीवर मांडी घालून ताठ बसा आणि वहिनींना डोक्यावर वही आडवी धरून भिंतीवर पेन्सिलने खूण करायला सांगा. तुमच्या उंचीच्या माणसाचं हे माप साधारण ३५ ते ३६ इंच येतं. आता तुमच्या गाडीचा हिशोब बघा, ४८ मधून १६ गेले, उरले ३२, त्यातून गादी दबून ३ इंच धरली तर २९. म्हणजे बसायला ३६ इंच लागतात आणि तुम्हाला मिळतात २९. मान वाकवूनच कपडे बदलायचे, मान वाकवूनच चहा प्यायचा, पाऊस आला तर तासन् तास तसंच बसायचं. कंबर धरते त्यातली निम्मी इथेच धरते, झोपेत नाही. हा बेड फ्लोअरपासून गादीच्या तळापर्यंत ७ इंचांवर आणा. ४८ मधून ७ आणि ३ गेले की ३८ उरतात, तुम्ही ताठ बसलात तरी डोक्यावर दोन बोटं जागा राहते, आणि वहिनी तर आरामात वेणी घालू शकतील.

पण ७ इंचांवर आलात की व्हील आर्च बेडच्या वर डोकावणार, म्हणून तिथे रुंदी ४८ ची ४१ होते. हे ऐकून घाबरू नका, आर्च मागच्या दाराकडे आहेत ना, मग पाय तिकडे करा. माणूस खांद्यात रुंद असतो, पायात नाही. दोघांच्या खांद्यांना ४८ लागतात ते पुढच्या बाजूला पूर्ण मिळतात, पायांना ४१ पुष्कळ झाले. फक्त एक ध्यानात ठेवा, इकोचं इंजिन पुढच्या सीटच्या खाली आहे, म्हणजे तुमचं डोकं त्याच्या शेजारी येणार. घाट चढून आलात आणि लगेच आडवे झालात तर त्या बाजूने गरम वाफ येत राहते. म्हणून गाडी लावली की तासभर दोन्ही बाजूची दारं उघडी ठेवून बाहेर बसा, जेवण वगैरे करा, मग अंथरूण घाला.

लांबीचं तुमचं नशीब चांगलं आहे. उंची ६८ इंच, उशी आणि पायाची बोटं धरून अजून ४, झाले ७२, अगदी नेमकं. तरी बेड ७१ चाच करा, मागच्या दाराला गादी घासली की तिथली ओल गादी ओढून घेते.

आता ओल. तुम्हाला वाटलं असेल की आंबोलीच्या धुक्यानं गादी भिजली, पण पाणी बाहेरून नाही आलं, ते तुमच्याच अंगातलं आहे. माणूस झोपेत श्वासातून आणि कातडीतून रात्रभर पाणी बाहेर टाकतो, एकेकाचं पाव लिटरच्या आसपास, दोघांचं मिळून अर्धा लिटर. ही वाफ फोममधून खाली उतरते, खाली सनमायका असते थंडगार, आरपार जायला वाट नाही, मग तिथेच तिचं पाणी होतं. थंड ताकाचा ग्लास ओट्यावर ठेवला की बाहेरून त्याला घाम येतो ना, अगदी तेच तुमच्या गादीच्या पोटाला होतंय. तारकर्लीत रात्र उबदार होती म्हणून कळलं नाही, आंबोलीत गारठा होता म्हणून दिसलं. आणि हे नुसतं ओलं होऊन थांबत नाही. आमच्या पहिल्या गाडीत आम्ही घरचीच कापसाची गादी सरळ प्लायवर टाकली होती, जून महिना होता, तीन दिवस ती उचललीच नाही, चौथ्या दिवशी उचलली तर खाली काळे ठिपके, नाण्याएवढे, आणि असा वास की ती गादी टाकून दिल्यावरही गाडीतून महिनाभर गेला नाही. ह्यांना दम्याचा त्रास आहे, त्या ट्रिपनंतर पंधरा दिवस पंप सोबत ठेवावा लागला. त्यामुळे ओल्या गादीला मी छोटी गोष्ट म्हणत नाही, आणि तुम्हीही म्हणू नका.

यावरचा उपाय आपल्या आजी-आजोबांना माहीत होता. बाज आठवते का? सुंभाची नाहीतर नवारीची विणलेली, अंगणात टाकलेली, पाठीला खालून वारा लागायचा, वर नुसती गोधडी असली तरी घाम धरायचा नाही. गाडीतल्या बेडला तेच हवंय, खालून वारा. म्हणून सलग प्लाय नको, पट्ट्या हव्यात. नवार मात्र इथे विणू नका, तो मोह मलाही झाला होता, दोघं झोपले की मधे झोळ पडतो आणि रात्रभर एकमेकांच्या अंगावर घसरत राहता, शिवाय कंबरेला ती अजिबात चांगली नाही.

पट्ट्या पाइनवुडच्या घ्या, पाऊण इंच जाड, पावणेतीन इंच रुंद, ४८ इंच लांब, आर्चपाशी ४१ च्या. दोन पट्ट्यांमधे पावणेदोन इंच सोडा, त्याहून जास्त सोडलं तर फोम फटीत उतरतो आणि महिन्याभरात गादीवर पट्ट्यांचे वळ दिसतात. या हिशोबाने १६ पट्ट्या लागतील. पट्ट्यांची चारही टोकं घासून गोल करून घ्या, नाहीतर गादीचं कव्हर फाटतंच. आणि एक गंमत करा, पट्ट्या फ्रेमला ठोकू नका, त्यांना दोन्ही बाजूंनी नायलॉनची नवार स्टेपल करा, म्हणजे अख्खा पलंग चटईसारखा गुंडाळता येतो. सकाळी गादी उभी केली, पट्ट्या गुंडाळल्या की खालचं सामान सगळं समोर.

पट्ट्यांखाली फ्रेम. २५ बाय २५ एमएमची एमएस स्क्वेअर ट्यूब, म्हणजे साध्या लोखंडाचा चौकोनी पाइप, १६ गेज जाडीचा, कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देईल. दोन बाजूंना दोन आणि मधोमध एक असे तीन लांब पाइप, आडवे तीन, आणि पाय. मधला पाइप वाचवायचा प्रयत्न करू नका, तोच दोघांचं वजन घेतो, त्याला मधे पण पाय द्या. एवढ्याला साधारण साडेदहा मीटर पाइप लागतो, मीटरला बाराशे ग्रॅमच्या आत वजन, म्हणजे फ्रेम बारा-साडेबारा किलो आणि पट्ट्या तेरा किलोच्या आसपास. तुमचा आत्ताचा बॉक्स बघा, ८ बाय ४ चा १८ एमएम प्लाय एक शीट पस्तीस किलोला जातो, दोन शीट गेले असतील तर सत्तर किलो तुम्ही उगाच घाटात चढवताय, एक अख्खा माणूस जास्तीचा. अ‍ॅल्युमिनियम सेक्शनमधे फ्रेम केली तर ती अजून हलकी होईल पण वेल्डिंगवाला चांगला लागतो आणि खर्च वाढतो, तुम्हाला गरज नाही असं मला वाटतं.

नवीन फ्रेमला इतक्यात पैसे नसतील तर तोपर्यंत आहे तोच बॉक्स कापून ७ इंचांवर आणा, वरच्या प्लायला ३५ एमएमचं होल-सॉ (ड्रिलला लावायचं गोल भोकाचं पातं) लावून हातभर अंतरावर नाही, चार-चार बोटांवर भोकं पाडा, आणि गादीखाली काथ्याची एक इंची शीट टाका, ती रबर लावलेली मिळते, फोमच्या दुकानातच. काथ्यातून हवा फिरते, पाणी धरत नाही. आणि पुढेमागे कुठेही प्लाय घ्यायची वेळ आली तर साधा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) घेऊ नका, कोकणात तो फुगतो, बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) नाहीतर ७१० शिक्क्याचा मरीन मागा.

गाडीच्या फ्लोअरला नवीन भोकं पाडू देऊ नका मिस्त्रीला. खालून पेट्रोलची आणि ब्रेकची लाइन जाते, वरून कळत नाही. मधली सीट काढल्यावर तिच्या बोल्टची जागा मोकळी आहे ना, तिथेच फ्रेम कसा, नायलॉक नट वापरा म्हणजे धक्क्यांनी सुटत नाहीत. लोखंड आणि लाकूड जिथे टेकतं तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवा. हे फुकटात होतं, आणि यानं रात्री कूस बदलली की होणारी करकर पूर्ण जाते, वहिनींची झोप त्या करकरीनं पण मोडत असणार, विचारून बघा. हो, आणि जॅक आणि पाना बेडखाली अडकले नाहीत ना ते बघून घ्या, पंक्चर नेहमी रात्री आणि पावसातच होतं.

आता गादी. तुमची ४ इंची आहे म्हणता पण डेन्सिटी, म्हणजे फोम किती घट्ट आहे ते, लिहिली नाहीत, म्हणजे दुकानदाराने सांगितली नसणार. एक टेस्ट करा. गादी फरशीवर टाका, तिच्यावर कुशीवर झोपा, आणि वहिनींना सांगा की तुमच्या कंबरेच्या हाडाखाली गादी आणि फरशीच्या मधे हात सरकवून बघा. हाताला हाड टोचलं तर फोम तळाला टेकलाय, म्हणजे तुम्ही गादीवर नाही, प्लायवर झोपताय. नवीन करताना खाली २ इंच रिबॉन्डेड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला, तो कडक असतो आणि तळाला टेकू देत नाही, वर २ इंच ४० डेन्सिटीचा पीयू, म्हणजे नेहमीचा फोम. चारच इंच, पण वेगळी गोष्ट. कव्हर सुती, चेनवालं, धुता येईल असं. रेक्झिन अजिबात नको, कितीही सुंदर दिसलं तरी.

गादी एकसंध न घेता लांबीत तीन तुकडे करा. का ते सांगते. ७१ इंचांचे तीन भाग केले की एकेक साधारण दोन फुटांचा, आणि तुम्ही डोकं पुढे करून झोपलात की कंबर बरोबर मधल्या तुकड्याच्या मधोमध येते, जोड येतात पाठीच्या वरच्या भागाखाली आणि गुडघ्यापाशी, तिथे ते टोचत नाहीत. दोनच तुकडे केलेत तर जोड नेमका कंबरेखाली. हे मी स्वतः एक रात्र भोगलंय. तिन्ही तुकडे एका कव्हरमधे घाला म्हणजे झोपेत सरकत नाहीत.

सामानाचं काय असं तुम्ही विचारणारच. बेडखाली, पाइपांच्या खालून, आता सव्वापाच इंच राहिले, त्यात चपटे क्रेट बसतील, कपडे सुटकेसऐवजी मऊ बॅगेत भरा, आणि मोठ्या बॅगा रात्री पुढच्या दोन सीटवर ठेवा. रात्री त्या सीट रिकाम्याच असतात की. गाडी चालताना मात्र सगळं रॅचेट बेल्टनं आवळा, कचकन ब्रेक लागला की गादीमागचा क्रेट सरळ डोक्यावर येतो.

हवेची अजून एक बाजू. इकोच्या मधल्या खिडक्या सरकतात, तर दोन्हीकडच्या खिडक्या तीन-तीन बोटं उघड्या ठेवून झोपा, एकीकडचीच नाही, दोन्ही, वारा आत यायला आणि बाहेर जायला दोन वाटा लागतात. बाहेरून मच्छरदाणीचं कापड चुंबकाच्या पट्टीवर लावून घ्या. गारठा वाटला तर पांघरूण वाढवा, खिडकी बंद करू नका. बंद गाडीत अगरबत्ती आणि कॉइल लावू नका. आणि हे मी हात जोडून सांगते, उकडतंय म्हणून इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपायचं नाही, थंडी आहे म्हणून शेगडी किंवा गॅस आत पेटवायचा नाही, पाच मिनिटं सुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतच नाही, तो उठतच नाही. तसंच मागचं दार आतून उघडेल यावर विसंबू नका, निदान एका बाजूचं स्लायडिंग दार झोपल्या जागेवरून हात लावून उघडलं पाहिजे, बेड त्याच्या आड येता कामा नये, आणि त्या दाराचं चाइल्ड लॉक लागलेलं नाही हे झोपायच्या आधी रोज बघा.

गाडी लावताना मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅप बेडवर ठेवून बघा. डोकं खाली आणि पाय वर असं झालं तर सकाळी डोकं जड होणार, आडवा उतार असेल तर एकजण रात्रभर दुसऱ्यावर. थोडं पुढे-मागे घेतलं की बहुतेक वेळा जमतं, नाहीच जमलं तर डोक्याची बाजू वर ठेवा.

एक न आवडणारी गोष्ट पण सांगायलाच हवी. तुमच्या आरसीवर पाच सीट आहेत आणि तुम्ही मधली काढलीत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या गोष्टी कंपनीच्या मूळ मापांपेक्षा वेगळ्या करता येत नाहीत, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मधे याच कलमावर निकाल देताना तेच सांगितलं. हवालदार थांबवेल न थांबवेल, पण उद्या काही झालं आणि इन्शुरन्सवाल्याने सीट कुठे आहे विचारलं तर क्लेम अडकतो. म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडे जायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा आणि इन्शुरन्सवाल्याकडून मेलवर लेखी घ्या. सीट आणि तिचे बोल्ट माळ्यावर कोरड्या जागेत ठेवा, भंगारात देऊ नका. बेडही असा करा की चार बोल्ट काढले की दहा मिनिटांत बाहेर.

पैसे घालायच्या आधी एक रात्र घरी काढून बघा. हॉलमधे फरशीवर खडूनं ७१ बाय ४८ चा चौकोन आखा, पायाकडे दोन्ही बाजूंना आर्चच्या जागी जाड पुस्तकं रचून ठेवा, आत गादी घाला आणि दोघं तिथे झोपा, अख्खी रात्र. वहिनींना बाहेरच्या बाजूला झोपू द्या, रात्री उठावं लागलं तर तुम्हाला ओलांडायला नको. सकाळी उठल्यावर त्या काय म्हणतात ते लिहून काढा आणि ते कागदावर घेऊनच फॅब्रिकेशनवाल्याकडे जा.

राहता राहिल्या आई. दादा, या गाडीत तिघं झोपू शकत नाहीत, कसंही फिरवलं तरी नाही, आणि चालत्या गाडीत आईंना बेडवर बसवून किंवा आडवं करून न्यायचं तर मनातही आणू नका, बेल्ट नाही, धरायला काही नाही, आंबोलीच्या एका वळणावर त्या कुठे जातील सांगता येत नाही. म्हणून तर बेड सुटा करायला सांगतेय. आई येणार त्या ट्रिपला बेड घरी, सीट जागेवर, आईंना बेल्ट लावून खिडकीशी बसवा. तारकर्लीत समुद्राजवळ घरगुती खोल्या भरपूर मिळतात, फोन करताना एवढंच विचारा की खोली तळमजल्यावर आहे का आणि संडास कमोडचा आहे का, त्यांच्या गुडघ्यांना तेच लागेल.